अध्यक्षांच्या हातातला कातरा

आमच्या भट्टीत रोज दोन तऱ्हेचे पाव होतात. एक उंडा, म्हणजे साधा गोल. दुसरा कातरा. मैद्याचा गोळा लांबट करून दोन्ही अंगांनी कात्रीनं छाटायचा, म्हणजे भट्टीत तो फुलपाखरासारखा उघडतो आणि त्याच्या कडा खरपूस होतात. घरातली पोरं कातऱ्यावर तुटून पडतात. मी मात्र खात नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर दात दुखतात असं सांगतो. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या दातांबद्दल कुणी जास्त चौकशी करत नाही.

दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातले अनुभव लिहा. पाववाल्याला कसले अनुभव? पीठ मळायचं, फुगेपर्यंत थांबायचं, भाजायचं, विकायचं. थांबणं हेच आमच्या धंद्यातलं कसब. घाई करणाऱ्याचा पाव दगड होतो. आमच्या गोव्याकडं माडाच्या आंबलेल्या रसानं, म्हणजे ताडीनं, पीठ फुगवतात. माझे वडील रेल्वेच्या मुदपाकखान्यात आचारी म्हणून वर्ध्याला आले आणि पुढं स्टेशनजवळ त्यांनी भट्टी घातली, तेव्हा माड नव्हते, पण शिंदीची झाडं होती. पुढं दारूबंदी आली आणि शिंदीच्या मडक्याबरोबर पोलीसही येऊ लागला. तेव्हापासून आम्ही आदल्या दिवशीच्या पिठाचा एक गोळा राखून ठेवतो आणि त्यानंच दुसऱ्या दिवशीचं पीठ फुगवतो. असा तो गोळा माझ्या वडिलांच्या हातून चालत आलेला आहे. घराण्याची इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

वर्धा म्हणजे खादीचं गाव. तिथं मैद्याचा पाव म्हणजे जवळजवळ पापच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आबाजी म्हणून एक पक्के सूतकताईवाले राहायचे. रोज सकाळी येऊन म्हणायचे, "पेद्रूभाऊ, कुत्र्यासाठी दोन दे." कधी जरा काळे पाव दिले की परत करायचे. एकदा मी म्हटलं, "आबाजी, तुमचा कुत्रा लोनी लावून खाते काय?" आबाजी गंभीरपणे म्हणाले, "त्याले आवडते, त्याले मी काय करू?" त्यांच्याकडे कुत्रा नव्हता, हे गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना माहीत होतं. आबाजी माणूस चांगला. पुढं माझी सगळ्यात मोठी फजिती त्यांच्याच हातून झाली, पण तीही प्रेमापोटी.

तर गोष्ट पंचावन्न सालची. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. नागपुरात कामत नावाचे एक वकील होते, मूळचे आमच्याच मुलखातले. त्यांनी मुलूख सोडून इकडं पोट भरायला आलेल्या गोवेकरांची एक सभा काढली होती. 'देशांतरी गोमंतकीय सभा'. गोव्यात लोकशाही यावी आणि समाजात न्याय यावा, असे तिचे दोन उद्देश. वकीलसाहेब वर्ध्याची शाखा काढायला आले ते थेट माझ्या दुकानात, कारण गोवेकर सापडायचा तर पावाच्या भट्टीपाशी, असा त्यांचा हिशेब. तो बरोबरही होता.

मी गोवा पाहिला होता तो लहानपणी एकदा, तोही तापात. माझ्या लक्षात आहे ती फक्त एक गोधडी. असा मी देशभक्त. पण वकीलसाहेब म्हणाले, "शाखेला अध्यक्ष लागेल. तुमच्याकडे बाक आहेत, जागा आहे, चहापावाची सोय आहे." तोवर मला कुणी पाववाल्याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. 'अध्यक्ष' हा शब्द ऐकला आणि मी त्या राखलेल्या गोळ्यासारखा फुगलो.

शाखेत कोण? रेल्वेच्या मुदपाकखान्यातले आचारी, त्यांचा म्होरक्या मिंगेल. पुलगावच्या मिलमधले दोघं-तिघं. आणि रत्नाबाई.

रत्नाबाई गावात मुलींना पेटी शिकवायच्या. गोव्यात देवळापुढं नाचगाण्याची सेवा करणारी जी घराणी आहेत, त्यातल्या एकात त्या जन्मल्या. सेवेला उभं करायची वेळ आली तेव्हा तबला वाजवणाऱ्या मामाबरोबर त्यांनी मुलूख सोडला. आई मागं राहिली. आई बोलली नव्हती काही, नुसतं दार उघडं ठेवून झोपली होती, असं त्या सांगायच्या. मामा पुढं वारला. बाई नागपूर करत वर्ध्याला आल्या आणि इथंच राहिल्या.

आम्ही दोघंही गोवेकर, पण एकमेकांशी बोलायचो वर्ध्याच्या बोलीत. माझी कोंकणी चर्चकडची, त्यांची देवळाकडची; दोघांनाही एकमेकांचं ऐकून हसू यायचं. त्यापेक्षा वऱ्हाडी बरी.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडाशी देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीवर जायला लागले. वकीलसाहेब नागपूरहून आले आणि म्हणाले, वर्धा शाखेनं एक माणूस पाठवावा. एकच, कारण एकाच्याच तिकिटाची सोय आहे.

बैठक माझ्या भट्टीच्या पुढच्या खोलीत भरली. वकीलसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत रत्नाबाई म्हणाल्या, "मी जातो."

मिंगेल म्हणाला, "बाई, तिथं लाठ्या मारतात."

"मारू द्या. मारतीन, पकडतीन, तरी आतच नेतीन ना? तुरुंग बी गोव्यातच हाय त्यायचा." मग म्हणाल्या, "सरहद्द बंद केली. चिठ्ठी जात नाई, परवाना भेटत नाई. माह्यी माय थकली आता. तिच्या गावाकडून जाईन. पकडून नेतानी तरी ती मले पाहीन. मी जित्ती हाय एवढं तिले समजलं तरी पुरं."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. ते फार सभ्य बोलायचे. म्हणाले, "तुमच्या भावना आम्हाला समजतात. पण सभेचा प्रतिनिधी म्हणून... तुमचं घराणं... तिकडची सरकारी वर्तमानपत्रं काय लिहितील, याचाही विचार करावा लागतो."

"न्याय हा शब्द तुमीच छापला वकीलसाहेब. मी नाई छापला."

मला ते ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं. आणि लगेच मिंगेल म्हणाला, "आपले अध्यक्षच जाऊ दे ना. पेद्रूभाऊ जाऊ दे," तेव्हा त्याहूनही बरं वाटलं. मी नको नको म्हणालो. ते कसं म्हणायचं असतं ते प्रत्येकाला माहीत असतं. नवरदेव घोड्यावर चढताना म्हणतो तसं.

वकीलसाहेब म्हणाले, "लोकशाही आहे. मतदान घ्या. आणि मत गुप्त पाहिजे."

आता गुप्त मत घ्यायचं कसं? आचाऱ्यांतल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा ती अक्कल माझ्याच डोक्यातून निघाली, आणि त्या वेळी मला तिचा फार अभिमान वाटला. मी म्हटलं, प्रत्येकाला दोन पाव द्या. उंडा म्हणजे मी, कातरा म्हणजे बाई. एकेकानं आतल्या खोलीत जायचं, फडक्याखाली टोपली आहे, तिच्यात आपलं मत टाकायचं आणि मागच्या दारानं अंगणात जायचं. वकीलसाहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "अस्सल गोमंतकीय मतपेटी!"

एक एक जण आत गेला. मीही गेलो. टोपलीशी उभा राहिलो. दोन्ही हातांत दोन पाव, नुकतेच भट्टीतून काढलेले. अध्यक्षानं स्वतःला मत द्यावं की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, बाईंच्या जिवाला धोका आहे, बाईमाणसाला लाठी खायला पाठवणं बरं नाही. मग उंडा टोपलीत टाकला आणि अंगणात आलो.

अंगणात माझी बायको रोझा चहा देत होती. सगळे उभ्याउभ्या चहा पीत होते, आणि ताजा पाव हातात असल्यावर गोवेकर काय करील? सगळे खात होते. एक पाव टोपलीत गेला, दुसरा चहात. त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि पाव टाकून देणं आमच्यात कुणी करत नाही.

शेवटी रत्नाबाई मत टाकून मागच्या दारात आल्या. पायरीवरच थांबल्या. त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, प्रत्येकाच्या हाताकडे पाहिलं. मिंगेलच्या हातात कातरा. त्याच्या शेजारच्याच्या हातात कातरा. पुलगावच्या पोराच्या हातात मात्र उंडा होता, तो त्यांच्याकडं पेटी शिकणारा एकटाच पोरगा. वकीलसाहेबांच्या हातात, बशीत नीट ठेवलेला, कातरा. ज्याच्या हातात कातरा, त्याचं मत टोपलीत उंड्याला गेलेलं. गुप्त मतदान अंगणात उघड्यावर मांडून ठेवलं होतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात अर्धा कातरा होता. उरलेला अर्धा मी, कुणाला काय वाटेल कोण जाणे, सदऱ्याच्या खिशात कोंबला. गरम होता. छातीला चटका बसला.

त्यांच्या हातात त्यांचा उरलेला उंडा होता. तो त्यांनी माझ्या बशीत ठेवला. म्हणाल्या, "हा तुमचा, अध्यक्षसाहेब." एरवी त्या मला पेद्रूभाऊ म्हणायच्या.

टोपली मोजायची गरजच नव्हती, पण वकीलसाहेबांनी मोजली. लोकशाही म्हणजे लोकशाही. मी निवडून आलो.

रात्री रोझा एवढंच म्हणाली, "तुमच्या सदऱ्याच्या खिशाले तेलाचा डाग पडला." आमच्या पावात तेल नसतं. पण मी वाद घातला नाही.

निघायच्या दिवशी रत्नाबाई स्टेशनवर आल्या. कागदात बांधलेलं एक लुगडं दिलं. स्वतः कातलेल्या सुताचं, गावातच विणून घेतलेलं, पांढरं, बारीक हिरव्या काठाचं. वर्ध्यात राहिल्यावर चरखा कुणाला चुकत नाही. म्हणाल्या, "मायच्या गावाहून गेला त सांगजो कोनाले बी. वेणूची पोरगी जित्ती हाय, पेटी शिकवते, नाचत नाई. अन् हे देजो." मी म्हटलं, "नक्की देईन." माझ्या गळ्यात तेव्हा हार होते. हार घातलेला माणूस काहीही नक्की देतो.

मी बरोबर काय काय नेलं? बदलायचे कपडे, रोझानं दिलेली जपमाळ, ते लुगडं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला पिठाचा गोळा. गोळा का? सवय. पाववाला चार दिवस घराबाहेर गेला तर गोळा कुणाच्या भरवशावर ठेवत नाही.

भुसावळ, मनमाड, पुणे, बेळगाव, असं करत सावंतवाडीच्या बाजूला सरहद्दीजवळच्या छावणीत पोचलो. पाऊस असा की वर्ध्याचा माणूस म्हणेल, आता पुरे. छावणीचे प्रमुख प्रत्येकाला विचारत होते, काय काम करता? मी म्हटलं, पाव भाजतो. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्ही आत नका जाऊ. इथं शेकडो माणसं उपाशी येतात. तुम्ही इथंच हवेत."

आयुष्यात मी कुणाची आज्ञा इतक्या चटकन पाळलेली नाही. लढ्याची शिस्त म्हणतात ती हीच, असं मी स्वतःला समजावलं. त्याच दुपारी दगडमातीची भट्टी घालायला घेतली.

पीठ फुगायला ऊब लागते. तिथं सगळंच गार आणि ओलं. गोणपाट ओलं, सतरंज्या ओल्या, माझे कपडे ओले. पीठ आपलं बसून राहिलं, हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी तुकडी आत जाणार होती आणि मी सगळ्यांना पाव कबूल केला होता. सगळ्या सामानात एकच गोष्ट कोरडी होती.

मी लुगडं उलगडलं. आधी पिठावर एक पदर पसरला, म्हटलं बघू. खादी जाड असते, ऊब धरते. मग पुरतं पसरलं. पीठ फुगलं. असं फुगलं की वर येऊन लुगड्याला लागलं.

सकाळी तुकडी गेली. बहुतेकांच्या खिशात माझा पाव होता. तो स्वातंत्र्यदिन होता, आणि त्या दिवशी पलीकडे गोळ्या चालल्या, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. संध्याकाळी जे परत आले, त्यांतल्या काहींना आणावं लागलं. एका पंजाब्याचं डोकं फुटलं होतं. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाव अच्छा था, भाई." मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. तोंड लपवायला जागा हवी तर ती एकच होती, पिठाच्या परातीमागं, आणि तिथं मी आधीपासूनच होतो.

"पुढच्या तुकडीत तुम्ही," प्रमुख म्हणाले. पण सरकारनं सत्याग्रह थांबवला आणि पुढची तुकडी गेलीच नाही. मी परत निघालो. लुगडं नदीवर धुतलं, पण वाळलेलं पीठ खादीच्या विणीत बसलं की बसलं.

वर्ध्याच्या फलाटावर उतरलो तर ही गर्दी! पुढं आबाजी, हातात सुताचा हार. मी आधीच ओरडलो, "आबाजी, थांबा, मी आत गेलतो नाई!"

आबाजींनी गर्दीकडे वळून हात वर केले. "पाहा! याले म्हनते कार्यकर्ता. केलं तरी केलं म्हनत नाई!"

"अहो खरंच नाई गेलो! मी पाव भाजून राह्यलो होतो!"

"सेवा! सेवाच हाय ते!" आबाजींनी हार माझ्या गळ्यात घातला.

आता वर्ध्याची एक खोड आहे. इथं इतकी थोर माणसं येऊन राहून गेली की न बोलणारा तो मोठा आणि नाही म्हणणारा त्याहून मोठा, असं गावाच्या अंगात मुरलंय. दुसऱ्या गावात 'मी नाही गेलो' म्हटलं असतं तर लोक घरी गेले असते. इथं मी जितक्यांदा नाही म्हणालो तितक्या टाळ्या वाढल्या. कुणीतरी म्हणालं, "लाठीचा मार दाखवत बी नाई पाहा." अंगावर वळ असते तर दाखवले असते हो!

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सत्कार. स्वागतगीत मुलींचं, आणि पेटीवर रत्नाबाई. मी व्यासपीठावर खुर्चीत, त्या खाली सतरंजीवर. आबाजी भाषणात म्हणाले, हा पाव आजपासून मी उघडपणे खाणार. लोक हसले. बाईंनी भात्यावरचा हात काढला नाही आणि मान वर केली नाही.

सगळे गेल्यावर मी खाली उतरलो. त्यांनी पेटी बंद केली. "माय भेटली?"

"नाई."

"निरोप?"

"मी आतच नाई गेलो बाई. खरं सांगतो."

"ते मले माहीत हाय. तू खरं सांगून राह्यला हे इथं मले एकटीलेच समजलं." मग हात पुढं केला. "लुगडं आन."

मी दिलं. त्यांनी उलगडलं. नाकाशी नेलं. "हे काय रे लागलं?"

"पीठ. पाव फुगत नव्हता... ऊब पाह्यजे होती."

"कोनं खाल्ले ते पाव?"

"आत गेले त्यायनं."

त्या हसल्या. "म्हंजे माह्या लुगड्याच्या उबेनं सुटते वाट्टे गोवा!"

मीही हसलो. बरं वाटलं, सुटलो म्हणून. मग पाहिलं तर त्या हसत नव्हत्या. नखानं एक एक कण खरवडून काढत होत्या, आणि मी तिथंच उभा होतो.

नंतर सहा वर्षं त्या दुकानात आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की "बरं हाय ना, अध्यक्षसाहेब?" एवढंच. आणि मी 'हाय' म्हणून पुढं.

गोवा सुटला त्या हिवाळ्यात बाई गेल्या. परत आल्या त्या महिनाभरानं, आणि स्टेशनवरून सरळ माझ्या दुकानात. ट्रंक खाली ठेवली. रोझा गल्ल्यावर होती. तिनं विचारलं, "भेटली वो माय?"

"नाई. पंचावन सालच्या दिवाळीपावतर होती म्हने." बाई रोझाशी बोलत होत्या, माझ्याशी नाही. "श्रावणात सत्याग्रही त्याच वाटेनं गेलते. ते पकडून नेले त माय दारात बसून पाहून राह्यली होती. माय म्हने, कोनी बाई हाय काय त्याच्यात, पाहा बरं."

रोझानं पदर तोंडाला लावला.

"लुगडं देवळाच्या पायरीवर एका म्हातारीले देल्लं. तिनं हुंगलं अन् म्हने, पावाचा वास येते. मी म्हटलं, आमच्या वर्ध्याचा पाव हाय, मावशी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फळीवरचा कातरा उचलला, बरोबर मधून मोडला, एक अर्धा परत ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला.

"खा, पेद्रूभाऊ. त्या दिवशी अर्धाच खाल्ला होता तू."

मी खाल्ला. गिऱ्हाईक थांबलं होतं, तेही पाहत राहिलं. शेवटचा घास गिळेपर्यंत बाई समोर उभ्या होत्या. मग रोझाला म्हणाल्या, "याले पानी दे," आणि ट्रंक उचलून गेल्या.

तेव्हापासून कातरा मी भाजतो आणि विकतो. दात माझे सगळे शाबूत आहेत.